येतानी डिस्क आणजो!

‘पीएस५ घेऊ की एक्सबॉक्स?’ हा प्रश्न पुण्या-मुंबईत कोणालाही विचारा, उत्तरं ठरलेली. फोर-के, टेराफ्लॉप, रे ट्रेसिंग, एक्सक्लुझिव्ह गेम्स... शुक्रवारची रात्र, फायबरचं कनेक्शन, एसी आणि समोर ५५ इंची टीव्ही असला की असल्या गप्पा सॉलिड रंगतात. मीही मारते. पण माझं गेमिंग सुरू झालं नाचणगावात, आणि तिथे कन्सोलला विचारायचे प्रश्न वेगळेच असतात. लाइट गेली तर? मे महिन्यात तापला तर? बिघडला तर न्यायचा कुठे? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, डिस्क दोस्ताला देता येते का?

नाचणगाव कुठेय म्हणता? वर्धा जिल्हा, देवळी तालुका. पुलगाव स्टेशनवर उतरलात की आलंच समजा. पुलगावचं नाव तुम्ही ऐकलं असेल ते लष्कराच्या दारूगोळा डेपोमुळे. ३१ मे २०१६ च्या आगीनंतर ते देशभरातल्या टीव्हीवर दिसलं होतं. बाकी हा सगळा कापसाचा मुलूख. माझा एक मामेभाऊ अजून तिथेच राहतो. देवळीच्या एमआयडीसीत नोकरीला लागलाय, पहिल्यांदाच स्वतःचे पैसे हातात आलेत, आणि आता साहेबांना कन्सोल घ्यायचाय. त्याचा फोन आला, “ताई, मले येक सांग. डिस्कवाला घेऊ का बिगर डिस्कवाला? धा हजाराचा फरक हाय ना.”

त्याला वाटलं, मी एका वाक्यात उत्तर देईन. पण या प्रश्नात कन्सोल कंपन्यांची गेल्या २० वर्षांची अख्खी पॉलिसी दडलेली आहे. म्हणून हा लेख!

भाव कापसात सांगा

आधी पैशाचं बोलू. सोनीने प्लेस्टेशन ३ भारतात आणला एप्रिल २००७ मध्ये. किंमत ३९,९९० रुपये. शहरात तेव्हा लोकांनी त्याची तुलना लॅपटॉपशी केली. आमच्याकडे तुलना कापसाशी होते. २००७-०८ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला २,०३० रुपये. म्हणजे एक पीएस३ बरोबर जवळपास वीस क्विंटल कापूस! हा आकडा ऐकल्यावर कुठला बाप हो म्हणेल?

पुढची गंमत बघा. पीएस५ भारतात आला २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना. त्या हंगामातला हमीभाव होता ५,८२५. म्हणजे साडेआठ क्विंटल. नोव्हेंबर २०२२ मध्ये सोनीने भारतातली किंमत वाढवून ५४,९९० केली, तेव्हा हमीभाव ६,३८०. पुन्हा साडेआठच्या जरा वर. थोडक्यात, कापसात मोजलं तर मशीन निम्म्याहून स्वस्त झालं. कंपन्यांना शिव्या घालण्याआधी हे मान्य करायला हवं, कारण मी त्या घालणारच आहे.

कारण स्वस्त झालं ते मशीन, खेळ नाही. पीएस५ वर सोनीच्या स्वतःच्या नव्या गेमची किंमत ठेवली गेली ४,९९९. एक गेम म्हणजे पाऊण क्विंटलहून जास्त कापूस. एकदा खेळून संपवायचा आणि कपाटात ठेवायचा? आमच्याकडे एवढी महागडी वस्तू एकाच घरात पडून राहत नाही, ती फिरते.

सगळा दोष कंपन्यांचा नाही, हेही सांगते. सरकारने परदेशी खेळण्यांवर कर लावायची हौस जुनीच आहे. सेगाचा मेगा ड्राइव्ह १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने भारतात आणला. आयातकर चुकवायला ही सगळी व्यवस्था केलेली, तरी किंमत १८,००० रुपये. १९९५ चे अठरा हजार! साहजिकच देशभरातल्या घरांत पोचले ते आठ-बिटचे स्वस्त डबे. पिवळी कॅसेट, बदकं मारायची बंदूक, आणि कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं बिनदिक्कत छापलेलं. आमच्याकडे आलेल्या डब्यावर कंपनीचं नावच नव्हतं. २०१८ च्या बजेटमध्ये कन्सोलवरचा आयातकर १० टक्क्यांवरून २० टक्के झाला. जीएसटी आधी २८ टक्के होता, तो १ जानेवारी २०१९ पासून १८ वर आला. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्याने द्यायचं.

मे महिना आणि लाल रिंग

विदर्भातला मे तुम्ही अनुभवला नसेल तर सांगते. दुपारी पारा ४५-४६. कूलर चालू असला तरी खोलीत हवा गरमच. त्यात लोडशेडिंग. माझ्या शाळेच्या वर्षांत विदर्भाच्या गावांत दिवसाचे कित्येक तास लाइट नसायची, आणि वीज बनवणारी कोराडी-चंद्रपूरची केंद्रं मात्र विदर्भातच. असो, तो विषय पुन्हा कधीतरी.

एक्सबॉक्स ३६० भारतात आला सप्टेंबर २००६ मध्ये. अक्षय कुमार आणि युवराज सिंग जाहिरातीत. कोअर मॉडेल १९,९९०, त्याच्या वरचं २३,९९०. पीएस३ च्या निम्म्या किमतीतलं मशीन, त्यामुळे आमच्यासारख्यांचा जीव त्यावरच. आणि नेमकं तेच मशीन तापाने मरायला लागलं. समोरच्या हिरव्या रिंगचे तीन तुकडे लाल झाले की खेळ खलास. जगभर त्याला ‘रेड रिंग ऑफ डेथ’ म्हणायला लागले.

यामागचं कारण समजून घ्यायला सोपं आहे. मशीन चालू केलं की चिप तापते, बंद केलं की गार होते. तापणं-गार होणं रोज चालू राहिलं की चिपच्या आतले बारीक जोड तडकतात. मायक्रोसॉफ्टच्याच माणसांनी २०२१ च्या ‘पॉवर ऑन’ या माहितीपटात हे उघड सांगितलं. आता विचार करा, दर दोन तासांनी लाइट जाणाऱ्या गावात हे चालू-बंद दिवसातून किती वेळा होत असेल! आमच्याकडची आई ‘सारखं चालू-बंद करू नको, खराब होते’ असं ओरडायची. इंजिनिअरिंग न शिकता तिला मूळ मुद्दा कळलेला होता.

पण एक मात्र मानलं पाहिजे. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. चूक कबूल करून खिसा रिकामा करणं हे या धंद्यात वारंवार दिसत नाही.

कूलिंगच्या बाबतीत मात्र माझं मत सोनीच्या बाजूने. ऑक्टोबर २०२० मध्ये पीएस५ यायच्या आधी सोनीने स्वतःच तो उघडून दाखवणारा व्हिडिओ काढला. बाजूच्या पांढऱ्या प्लेटा हाताने निघतात, आत धूळ साठायला खास खड्डे केलेत, आणि त्यांना भोकं ठेवलीत, व्हॅक्यूमने ओढून घ्या. मला ते बघून जाम आनंद झाला. आमच्याकडे जिनिंगच्या दिवसांत हवेत कापसाचे तंतू उडतात. कूलरच्या जाळीवर बसतात, पंख्याच्या पात्यांवर बसतात, आणि कन्सोलच्या पंख्यात जाऊन त्याची चक्क वात होते. स्क्रू न उघडता ती वात काढता येणं म्हणजे एक अख्खा उन्हाळा वाचला.

स्क्रूवरून आठवलं. माझा एक कन्सोल (कंपनीचं नाव लिहीत नाही) असाच एका मे महिन्यात बंद पडला. नागपूरला नेला. काउंटरवरच्या माणसाने तो उलटा केला, मागचं स्टिकर थोडं सुटलेलं बघितलं आणि म्हणाला, वॉरंटी गेली. स्टिकर उन्हाने सुटलं होतं, पण हे त्याला पटेना. मग पुलगावातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या भाऊकडे नेला. त्याने पंखा साफ केला, जुनी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, तीनशे रुपये घेतले, आणि वर म्हणाला, “येवढ्यासाठी नागपूरले कायले गेल्ते?”

ही स्टिकरची भानगड फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना याबद्दल नोटीस पाठवली. ‘स्टिकर काढलं तर वॉरंटी रद्द’ हे तिथल्या कायद्यात बसत नाही म्हणून. त्या सहांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो, तिन्ही होत्या. एरवी एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, या एका बाबतीत एकदम एकमत!

डिस्कची वही

आता मूळ मुद्दा. पुलगावात तेव्हा तासावर गेम खेळायची एक-दोन दुकानं होती. तिथे मुली जात नसत. कुठे पाटी लावलेली नव्हती, पण जात नसत. म्हणजे मला खेळायचं तर घरीच, आणि घरी खेळायचं तर गेम कुणाकडून तरी यायला हवा. डेपोतल्या लोकांच्या बदल्या होत असतात. वर्गात कधी जबलपूरहून आलेला मुलगा, कधी पुण्याहून आलेली मुलगी, आणि त्यांच्यासोबत आलेल्या डिस्क. शंभर पानी वही केलेली होती आम्ही. तारीख, डिस्कचं नाव, कोणाकडून कोणाकडे, परत कधी. चरा पडला तर शेरा. शनिवारी कोणाकडे जमायचं ठरलं की एकच निरोप असायचा, “येतानी डिस्क आणजो!” ही वही माझ्या मामेभावाकडे अजून आहे.

(चिप मारलेल्या मशीनवर चालणाऱ्या शंभर रुपयांच्या डीव्हीडीही नागपूरहून यायच्या. त्यांचं समर्थन मी करत नाही. पण गेम परवडत नाही तेव्हा माणूस एकतर उधार घेतो नाहीतर नक्कल घेतो, आणि उधारी बंद केली की तो कुठे वळणार हे सांगायला एमबीए लागत नाही.)

जून २०१३ मध्ये या वहीवर एका कंपनीने जवळजवळ काट मारली होती. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनचे नियम जाहीर केले. मशीन २४ तासांतून एकदा तरी इंटरनेटला जोडायचंच, नाहीतर गेम बंद. गेम मित्राला द्यायचा तर तो तुमच्या फ्रेंड लिस्टमध्ये किमान ३० दिवस असायला हवा. आणि एक गेम एकदाच देता येणार, तो पुढे जाणार नाही. म्हणजे आमच्या वहीत फक्त एक ओळ! ज्यांच्याकडे नेट नाही त्यांनी काय करायचं, असं एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांना विचारलं, तर त्यांनी सांगितलं की अशा लोकांसाठी आमच्याकडे एक्सबॉक्स ३६० आहे. नाचणगावाला याहून सरळ उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही.

सोनीने तेव्हा काय केलं, आठवतंय? ‘पीएस४ वर गेम शेअर कसा करायचा’ असा एक व्हिडिओ काढला. एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबी देतो, तो थँक्स म्हणतो, संपलं. अर्ध्या मिनिटाचाही व्हिडिओ नाही, पण अख्खी पिढी प्लेस्टेशनच्या मागे गेली. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने नियम मागे घेतले. मात्र सोनीच्या त्याच कार्यक्रमात एक गोष्ट हळूच होऊन गेली. पीएस३ वर फुकट असलेलं ऑनलाइन खेळणं पीएस४ वर पीएस प्लसच्या वर्गणीत गेलं. टाळ्यांच्या आवाजात ते फारसं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

गंमत म्हणजे, २०१३ मध्ये जे कायद्याने करता आलं नाही, ते नंतर डिझाइनने करायला घेतलं. पीएस५ ची डिजिटल एडिशन. एक्सबॉक्स सीरिज एस, डिस्कची फटच नाही. २०२४ मध्ये सीरिज एक्सचंही बिगर डिस्कचं मॉडेल आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पीएस५ प्रो आला, तोही डिस्क ड्राइव्हशिवाय. (तो तेव्हा भारतात आलाच नाही. त्यातल्या वाय-फायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे खुला नव्हता!) नव्या स्लिम पीएस५ ला ड्राइव्ह वेगळा जोडता येतो, पण तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. डिस्क वाचायला इंटरनेट. हे कळायला मला दोनदा वाचावं लागलं.

नेट आता सगळीकडे आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे ना. २०१६ मध्ये जिओ आलं आणि नाचणगावातही सगळ्यांच्या हातात नेट आलं. पण ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा गेम २०१८ मध्ये आला, तो सुमारे १०० जीबीचा. रोजच्या दीड जीबीच्या प्लॅनवर तो उतरवायचा तर ६६ दिवस, तेही घरात कोणी एक व्हिडिओ बघितला नाही तर. डिस्कवाल्यांनी तोच गेम दोन डिस्कमधून संध्याकाळपर्यंत टाकून घेतला.

आणि डाउनलोड केलेला गेम तुमचा असतो का? निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू ची दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद केली. एक्सबॉक्स ३६० चं दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झालं. सोनीने २०२१ मध्ये पीएस३ आणि व्हिटाचं दुकान बंद करतो म्हणून जाहीर केलं, लोक चिडले, तेव्हा एप्रिलमध्ये निर्णय फिरवला. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवता येतात, हे खरं. पण नवा घेता येत नाही, उधार देता येत नाही, विकता येत नाही. त्याच सुमाराला पीएस४ बद्दलही कळलं की आतला घड्याळाचा सेल संपला आणि सोनीच्या सर्व्हरशी गाठ पडली नाही, तर गेम अडू शकतात. २०३२ नंबरचा, वजनकाट्यात असतो तसला साधा सेल! सप्टेंबर २०२१ च्या अपडेटमध्ये सोनीने गाजावाजा न करता ते दुरुस्त केलं. चांगलं केलं, पण कोणी ओरडलं नसतं तर?

तर मामेभावाचा हिशेब. त्याला डिजिटलमध्ये वाचणार दहा हजार. नवा गेम ४,९९९ ला. म्हणजे दोन गेम उधार आणले की फरक वसूल. त्याच्या गटात चौघं आहेत. चौघांनी एकेक डिस्क घेतली तर प्रत्येकाला चार गेम, आणि खेळून झाल्यावर डिस्क निम्म्या भावात विकली तरी वर पैसे. डिजिटलवाल्याला दुकान एकच, भाव एकच, आणि विकायची सोय नाही. अकाउंट शेअर करता येतं की, असा सल्ला त्याला कोणीतरी दिला होता. येतं, पण ते घरातल्या भावाबहिणीत ठीक. चार घरांत पासवर्ड वाटला की मैत्री टिकत नाही. मी त्याला सांगितलं, डिस्कवालाच घे, नवा परवडत नसेल तर जुना घे, पण फट असलेला घे. त्याने एक वापरलेला घेतला. सोबत तीन डिस्क आल्या, त्यातली एक पहिल्याच आठवड्यात आर्वीला गेली.

सामानसुमानात लूट

मशीन घेतलं म्हणजे संपलं असं नाही, खरी कापणी ॲक्सेसरीजमध्ये होते. यात माझा नियम सोपा आहे. जी वस्तू पुलगावच्या बाजारात मिळते ती चालणारं मशीन चांगलं, जी फक्त कंपनीच मागेल त्या भावात देते ते वाईट.

या परीक्षेत कंपन्या आलटून-पालटून नापास होतात. पीएस३ मध्ये साधी लॅपटॉपची हार्ड डिस्क चालायची, वाय-फायही बहुतेक मॉडेलांत आतच. एक्सबॉक्स ३६० ला हार्ड डिस्क कंपनीची, आणि वाय-फायचा तुकडा अमेरिकेत वेगळा ९९ डॉलरला. मग सोनीला वाटलं आपणही लुटू, आणि प्लेस्टेशन व्हिटाला स्वतःचं वेगळंच मेमरी कार्ड काढलं. ३२ जीबीचं कार्ड जवळपास १०० डॉलर! इतकं सुंदर मशीन, त्या कार्डाने त्याचा जीव निम्मा केला असं माझं मत आहे. पीएस५ मध्ये सोनी पुन्हा शहाणी झाली. सप्टेंबर २०२१ पासून बाजारातला एम.२ एसएसडी लावता येतो. एक्सबॉक्स सीरिजला तेवढा वेग हवा असेल तर खास कार्डच लागतं.

कंट्रोलरमध्ये मात्र उलटं. एक्सबॉक्सचा कंट्रोलर आजही पेन्सिल सेलवर चालतो म्हणून शहरातले लोक हसतात. मला तो आवडतो. सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतो, लाइट नसली तरी. आतली बॅटरी दोन-तीन वर्षांनी बसली की कंट्रोलर वायरला बांधून खेळा. शिवाय एक्सबॉक्स वनचे जुने कंट्रोलर सीरिज एक्सवर चालतात. पीएस५ वर पीएस४ चा कंट्रोलर फक्त पीएस४ च्या गेमना चालतो, पीएस५ च्या गेमना नाही. पीएस५ आला तेव्हा नवा डुअलसेन्स ५,९९० चा होता. नव्या कंट्रोलरच्या ट्रिगरमध्ये खास जादू आहे, मान्य. पण घरी पाहुणा आला आणि त्याला फुटबॉलचा एक गेम खेळायचाय, तर त्या जादूवाचून कोणाचं अडतं?

आणि ड्रिफ्ट! हात न लावता खेळाडू आपोआप डावीकडे चालायला लागतो तो आजार. स्टिकच्या आत घासून झिजणारा पोटेंशियोमीटर असतो, झिजला की ड्रिफ्ट आलाच. घासणारा भागच नसलेला, चुंबकावर चालणारा स्टिक सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्टला दिला होता. पाव शतकापूर्वीचा उपाय माहीत असून मोठ्या कंपन्या झिजणाराच स्टिक घालत राहिल्या. का, ते तुम्ही ओळखा. पुलगावचा तोच दुरुस्तीवाला स्टिकचं मॉड्यूल बदलून देतो, फक्त १४ ठिकाणचं टाकं काढून पुन्हा लावावं लागतं म्हणून तो आधी चहा मागवतो.

आमच्यासाठी बनलेला, पण आम्हाला न विकलेला

आता माझं सगळ्यात लाडकं दुःख. मार्च २०१७ मध्ये निन्टेन्डोचा स्विच आला. त्याचं वर्णन वाचा आणि सांगा हा कोणासाठी बनवलाय. आत बॅटरी, एका चार्जवर अडीच ते साडेसहा तास. लाइट गेली तर टीव्हीवरून काढून हातात घ्या. गेम छोट्या कार्डावर, चरा पडायचा प्रश्नच नाही, खिशातून दोस्ताकडे पोचतो. कंट्रोलरचे दोन तुकडे होतात, एकाच मशीनवर दोघं खेळतात, दुसरा कंट्रोलर विकत घ्यायला नको. लोडशेडिंग, धूळ, उधारी, तंग खिसा, सगळ्यांना उत्तर! नाचणगावच्या पोरांना बसवून डिझाइन करायला सांगितलं असतं तर त्यांनी असंच काहीतरी काढलं असतं.

आणि निन्टेन्डोने तो भारतात अधिकृतपणे आणलाच नाही. दुबई-सिंगापूरहून येणाऱ्यांच्या बॅगेतून, नाहीतर ग्रे मार्केटमधून घ्या. त्याचे कंट्रोलर ड्रिफ्टसाठी बदनाम झाले, अमेरिकेत खटले झाले, तिथे फुकट दुरुस्ती मिळाली, जून २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी माफीही मागितली. आपल्याकडे विक्रीच नाही तर माफी कोणाची मागणार?

आपल्या गोष्टी कन्सोलवर आल्याच नाहीत असंही नाही. सोनीने २००९ मध्ये पीएस२ साठी हैदराबादला बनलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ काढला, त्याच वर्षी कबड्डी आणि पतंगवाला ‘देसी अड्डा’ही काढला. पीएस३ बाजारात येऊन तीन वर्षं होत आली होती, तरी भारतासाठी गेम पीएस२ वर काढला, कारण लोकांच्या घरात तोच होता. गेम फार भारी नव्हते, पण पॉलिसी म्हणून मला ते पटतं. २०२३ मध्ये सोनीने भारतीय गेम बनवणाऱ्यांसाठी ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ सुरू केला, तेही ठीकच.

पण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ आठवतो? भावाला शोधायला निघालेली मुलगी, राजस्थानी वाड्यांची चित्रं, दुर्गा आणि विष्णू. १८ ऑगस्ट २०२० ला तो सगळ्यात आधी ज्या कन्सोलवर आला तो होता स्विच. बाकीच्या मशीनवर यायला १५ ऑक्टोबर उजाडला. पुण्यात बनलेला गेम जवळपास दोन महिने फक्त अशा मशीनवर, जे पुण्यातल्या दुकानात अधिकृतपणे मिळतच नाही!

तो मी पहिल्यांदा खेळले तो डेपोतल्या एका मैत्रिणीच्या स्विचवर. तिच्या भावाने तो मस्कतहून आणलेला. ती सुट्टीला आली होती, नाचणगावात लाइट गेलेली, आम्ही दोघी गच्चीवर. जून २०२५ मध्ये स्विच २ आला, तेव्हा तिला विचारलं, घेणार का? तिने वाचलेलं होतं की त्याचे बरेच गेम आता ‘गेम-की कार्ड’वर येतात. म्हणजे कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते. कार्ड दुसऱ्याला देता येतं, पण ज्याला दिलं त्याने अख्खा गेम आधी इंटरनेटवरून उतरवायचा. जुना स्विच तिने विकला नाही. सध्या तो मामेभावाकडे आहे, वहीत नोंद आहे.